परकी भाषा निवडताना: भाचीच्या प्रश्नाच्या निमित्ताने

यंदाच्या चवथीला फोंड्याला बहिणीकडे गेलो होतो. आरती आटोपून पाने मांडली जाईपर्यंतच्या वेळात अकरावीत शिकणाऱ्या भाचीने मला गणपतीवर फळे-पाने टांगून सजवलेल्या माटोळीखाली गाठले आणि विचारले, "मामा, मला पुढे बाहेरच्या देशात काम करायचे आहे. त्यासाठी कोणती भाषा शिकू?" हाच प्रश्न तिने माझ्याआधी तिघांना विचारला होता आणि तिला तीन उत्तरे मिळाली होती. आतेभावाने जर्मन सांगितली, कारण जर्मनीला माणसे हवी आहेत. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी फ्रेंच सांगितली, कारण तिच्यात गुण चांगले पडतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी जपानी सांगितली, कारण त्यांच्या मुलाला तिच्यामुळे नोकरी लागली. तिन्ही उत्तरांत तथ्य होते, पण तिला कोणते काम करायचे आहे हे तिघांपैकी कोणीच विचारले नव्हते. मीही त्या दिवशी विचारले नाही. पाने वाढली गेली आणि विषय तिथेच राहिला. पर्वरीला परतल्यावर मात्र तो मनातून जाईना, कारण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतः एकदा दिले आहे आणि त्याची किंमत काय असते ते मला ठाऊक आहे.

गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांना अनेक भाषांची सवय असते. आम्ही बोलतो कोकणीत, पोथी आणि वर्तमानपत्र वाचतो मराठीत, बाजारात हिंदी चालते आणि कचेरीत इंग्रजी. दहा वर्षांचे मूल चार भाषांत वावरते आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. त्यामुळे पाचवी भाषाही अशीच अंगवळणी पडेल, असा आपला समज होतो. पण या चार भाषा आपण ठरवून शिकलेलो नसतो, त्या लहानपणापासून कानांवर पडत राहिलेल्या असतात. परकी भाषा रोज वेळ काढून, पाठ करून, चारचौघांत चुकून, अनेक वर्षे शिकावी लागते, आणि एवढे कष्ट माणूस कशासाठी तरीच घेतो.

मी शाळेत फ्रेंच घेतली ती गुणांसाठी. क्रियापदांचे तक्ते पाठ केले, ठरावीक पत्रे पाठ केली, गुणही नव्वदच्या वर मिळाले, आणि त्या पाच वर्षांत फ्रेंच बोलणाऱ्या एकाही माणसाशी माझे एक वाक्यही बोलणे झाले नाही. पुढे एका काजू कारखान्याच्या आयात विभागात नोकरी लागली, तेव्हा माझ्या अर्जावर 'भाषा' या रकान्यात फ्रेंच लिहिलेली होती. पहिल्याच हंगामात आयव्हरी कोस्ट या फ्रेंच चालणाऱ्या देशातल्या आबिदजानहून फोन आला आणि मला 'नमस्कार, थांबा' याच्या पुढे काही बोलता आले नाही. वरिष्ठांनी शांतपणे माझ्या हातातून फोन घेतला. तो क्षण मी विसरलेलो नाही.

काजूचा धंदा भाषेच्या दृष्टीने मोठा शिकवणारा आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणले आणि त्याचे नावही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्फत आपल्या तोंडी बसले. आज मात्र गोव्यातल्या बीवर इथले सगळे कारखाने वर्षभर चालू शकत नाहीत, म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी आणावी लागते. ती आयव्हरी कोस्टहून आली तर कागद फ्रेंचमध्ये असतात, गिनी-बिसाऊहून आली तर पोर्तुगीजमध्ये, आणि टांझानियात मालाच्या लोकांशी गप्पा मारायच्या तर स्वाहिली लागते. व्यवहाराची भाषा इंग्रजी आहे असे करारावर लिहिलेले असते, पण गोदामातला माणूस, बंदरातला कारकून आणि बी तपासणारा मुकादम इंग्रजीत बोलत नाहीत. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल, म्हणजे ज्याला आम्ही आउटटर्न म्हणतो, आणि बीत ओलावा किती आहे, या दोन आकड्यांवर सौद्याचा नफा-तोटा ठरतो, आणि हे दोन आकडे आधी त्या माणसांच्या तोंडी असतात.

एका वर्षी बिसाऊच्या मालाबरोबर एक पत्र आले. मधल्या दलालाने सर्व ठीक असल्याचे इंग्रजीत कळवले होते, म्हणून ते पत्र आम्ही फायलीला लावून टाकले. कंटेनर उघडले तेव्हा तळातली पोती काळी पडलेली होती. मग कोणीतरी पत्र पणजीला एका वृद्ध गृहस्थांकडून वाचून घेतले. त्यात 'साकुश मुल्यादुश', म्हणजे भिजलेली पोती, असे दोन ठिकाणी स्पष्ट लिहिलेले होते. पाठवणाऱ्याने काही लपवलेले नव्हते, आमच्याकडे ते वाचणारा नव्हता. त्या आठवड्यात मी पोर्तुगीज शिकायचे ठरवले. तेव्हा माझे वय ३१ होते.

घरी हे सांगितले तेव्हा थोरल्या काकांचा चेहरा उतरला. आमचे मूळ घर डिचोली तालुक्यातले, म्हणजे नव्या काबिजादीतले. तिसवाडी, बार्देश, साष्टी हे भाग १६ व्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले, पण फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती लागले. त्यामुळे आमच्या बाजूला पोर्तुगीज भाषा कधी घरात शिरली नाही. ती कचेरीत आणि पोलीस ठाण्यात भेटायची. काकांच्या पिढीला ती आठवते ती दरडावणारी भाषा म्हणून, आणि १९६१ च्या डिसेंबरमध्ये ती एकदाची गेली याचा त्यांना झालेला आनंद खरा होता. काका रागावले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, "कोणाकडेन उलोवपाक शिकता तूं ही भास?" म्हणजे, ही भाषा तू कोणाशी बोलायला शिकतोस?

मी सांगितले, बिसाऊच्या गोदामातल्या माणसाशी. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, तोही त्यांच्याच राज्यात होता ना? गिनी-बिसाऊ, अंगोला, मोझांबिक या देशांनी आपल्यानंतर, १९७० च्या दशकात पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळवले आणि भाषा मात्र राज्यकारभारासाठी ठेवून घेतली, हे मी त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, पण माझी वही एकदा मागून घेऊन पाहिली होती. गोव्यातल्या मराठी घरांत पोर्तुगीजविषयी जी अढी आहे तिला मी चूक म्हणणार नाही. तिच्यामागे भोगलेला इतिहास आहे. तरीही पिळर्णचे पांडुरंग पिसुर्लेकर यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. १५९५ पासून चालत आलेल्या गोव्याच्या पुराभिलेखागारात त्यांनी आयुष्यभर पोर्तुगीज कागद वाचले आणि मराठ्यांच्या इतिहासाचा एवढा मोठा भाग उजेडात आणला, की त्यांच्याशिवाय तो आपल्याला कळलाच नसता. ज्याची भाषा येते त्याच्या दप्तरात आपले काय लिहून ठेवले आहे तेही वाचता येते.

शिकायला बसल्यावर पहिला धक्का सुखद होता, कारण अर्धे स्वयंपाकघर ओळखीचे निघाले. बटाटा, पाव, कोबी, अननस, परात, घमेले, पिंप, साबण, चावी, बिजागरी, पगार, लिलाव हे सगळे शब्द त्या बाजूने आलेले आहेत, आणि हापूस आंब्याचे नावही. अनुनासिक स्वर, ज्यांच्यापाशी इंग्रजी माध्यमातली मुले अडखळतात, ते कोकणी बोलणाऱ्याला शिकवावे लागत नाहीत. दुसरा धक्का सुखद नव्हता. छापील मजकूर चार महिन्यांत वाचता येऊ लागला, पण लिस्बनचा माणूस बोलू लागला की निम्मे स्वर तो गिळून टाकतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती नुसती व्यंजने येतात. ब्राझीलची पोर्तुगीज मोकळी, उघड्या स्वरांची, पण तिथे शब्द बदलतात: पोर्तुगालमध्ये बसला 'आउतुकार्रु' म्हणतात आणि ब्राझीलमध्ये 'ओनिबुस'. पणजीत कामोंइश संस्थेच्या केंद्रात आणि गोवा विद्यापीठात शिकण्याची चांगली सोय आहे, पण तिथे कानावर पडणारी भाषा मुख्यतः पोर्तुगालची असते. ज्याला साओ पावलोच्या ग्राहकाशी काम करायचे आहे त्याने कानाला ब्राझीलची सवय वेगळी लावून घ्यावी लागते.

बिसाऊत तर तिसरीच गोष्ट कळली. तिथे कागद पोर्तुगीजमध्ये असतात, पण बाजार आणि गोदाम क्रियोल भाषेत, म्हणजे पोर्तुगीज आणि तिथल्या भाषांच्या मिश्रणातून झालेल्या बोलीत चालते. पोर्तुगीज येत असल्यामुळे क्रियोलचे कामापुरते शब्द मला उचलता आले, तरी कोणत्याही यादीत न दिसणारी ही भाषा तिथे गेल्यावरच भेटली.

आणि एक चूक सांगितलीच पाहिजे. पोर्तुगीजमध्ये समोरच्याला 'तू', 'व्होसे' आणि 'उ सेन्योर' अशा चढत्या पायऱ्यांनी संबोधतात. ब्राझीलमध्ये 'व्होसे' रोजच्या वापरात आहे, पण पोर्तुगालच्या वळणावर चालणाऱ्या ठिकाणी वडीलधाऱ्या अपरिचिताला तो शब्द खटकू शकतो. मी मोझांबिकच्या एका वयस्क व्यापाऱ्याला पहिल्याच पत्रात 'व्होसे' लिहिले. त्यांचे उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रात 'सेन्योर' लिहिले, आधीच्याबद्दल क्षमा मागितली आणि तीन दिवसांत उत्तर आले. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतला फरक ज्याला घरातच शिकवलेला आहे त्या मराठी माणसाने ही चूक करायला नको होती. मी मनातल्या मनात इंग्रजीतून भाषांतर करत होतो म्हणून ती झाली. तेव्हापासून मी नवी भाषा शिकणाऱ्यांना सांगतो, की वही मराठीतून किंवा कोकणीतून ठेवा. पुस्तके इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात आणि आपल्याला आधीपासून येत असलेल्या गोष्टी ती अवघड म्हणून सांगतात.

जर्मनचेच पाहा. तिच्यातली तीन लिंगे ऐकून इंग्रजी बोलणारा घाबरतो, आपल्याला तो, ती, ते नवे नाहीत. 'चांगला' या शब्दातला च जर्मनमध्ये जागोजागी आहे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हा तिथे कठीण समजला जाणारा नियम आपल्याला तर शब्दाला शब्द जुळतो: 'वाइल इश क्रांक बिन', म्हणजे 'कारण मी आजारी आहे'. जपानीत याहून जास्त सोय आहे. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु' म्हणजे 'मी पाणी पितो', त्याच क्रमाने, आणि नामाला मागून लागणारे छोटे शब्द आपल्या विभक्ती प्रत्ययांसारखे. तिच्या अक्षरमालेचा आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना हा क्रमही आपल्या वर्णमालेच्या परंपरेतून, बौद्ध पंडितांच्या संस्कृत अभ्यासातून तिथे गेलेला आहे. मग कांजी, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेली चिन्हे, येतात. जपान सरकारने नेहमीच्या वापरासाठी ठरवलेल्या चिन्हांची संख्या २,१३६ आहे, आणि तिथे वर्णमालेची पुण्याई संपते.

म्हणून वेळेचा हिशेब मांडावाच लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था तिथल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, तिच्या अनुभवानुसार कामकाजाला पुरेशी तयारी होण्यासाठी स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच या भाषांना वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, जर्मनला त्याहून काहीसे जास्त, रशियनला ११०० च्या आसपास, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना सुमारे २२००. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्या, दिवसभर केवळ तेच काम करणाऱ्या प्रौढांचे आहेत, म्हणून ते जसेच्या तसे आपल्याला लागू नाहीत, पण भाषांतले परस्पर प्रमाण त्यांतून समजते. शनिवार-रविवारचा वर्ग आठवड्याला चार तासांचा धरला, तर ६०० तासांना तीन वर्षे लागतात. 'सहा महिन्यांत परदेशात नोकरी' अशी पाटी लावणाऱ्याकडे जाण्याआधी हा भागाकार कागदावर करावा. मी पहिल्यांदा ज्या खाजगी वर्गात गेलो होतो त्यांनी वर्षभराचे शुल्क आधी घेतले आणि पहिली पातळी संपताच वर्ग बंद केला.

युरोपीय भाषांच्या ए-१ ते सी-२ अशा सहा चढत्या पातळ्या आहेत आणि नोकरीच्या दृष्टीने खरी किंमत बी-२ पासून सुरू होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. ए-२ वर सोडलेली भाषा दोन वर्षांत पुसली जाते. म्हणून चार भाषांची ए-१ प्रमाणपत्रे मिळवणाऱ्या मुलांचे मला वाईट वाटते. त्यांनी कष्ट केलेले असतात, पण एकाही भाषेत ती माणसाशी भांडू शकत नाहीत की त्याचे सांत्वन करू शकत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावर याच्या उलट उदाहरण आहे. मोरजी आणि हरमल भागात दुकानांच्या पाट्या रशियनमध्ये आहेत आणि तिथले टॅक्सीवाले, शॅकमधली मुले कोणत्याही वर्गात न जाता गिऱ्हाइकांकडून रशियन बोलायला शिकली. त्यांचे बोलणे मी ऐकले आहे आणि मला त्यांचा आदर वाटतो. पण २०१४ च्या अखेरीस रूबल कोसळला तेव्हा त्या हंगामात रशियन पाहुणे एकदम कमी झाले, आणि ज्यांना ही भाषा केवळ बोलता येत होती, वाचता-लिहिता येत नव्हती, त्यांना ती घेऊन दुसरीकडे कुठे जाता आले नाही. तीच भाषा लिपीसकट शिकली असती, तर ती संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. उरलेल्या पाच म्हणजे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी आणि चिनी. पोर्तुगीज, जर्मन आणि जपानी त्यांत नाहीत, आणि ज्याचे लक्ष्य आंतरराष्ट्रीय संघटनांवर आहे त्याने हे आधीच पाहिले पाहिजे. भारतीय परराष्ट्र सेवेत जाणाऱ्याला तर निवडीची घाई करायचे कारण नाही, कारण तिथे रुजू झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकी भाषा नेमून दिली जाते.

पोर्तुगीज कोणी घ्यावी? ब्राझीलची लोकसंख्या २० कोटींहून अधिक आहे आणि पोर्तुगीज भाषिक देशांच्या संघटनेत नऊ देश आहेत. आपल्याकडे येणाऱ्या तुरीचा काही भाग मोझांबिकहून येतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधे बनतात आणि ब्राझीलमध्ये विकायच्या औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर पोर्तुगीजमध्येच लागतो. जो मुलगा निर्यात, औषधनिर्माण, कृषिमाल किंवा जहाज वाहतुकीत जाणार आहे, त्याने ही भाषा केवळ आजोबांच्या आठवणींमुळे बाजूला ठेवू नये, आणि केवळ गोव्यात सहज मिळते म्हणून घेऊही नये.

आता फोन भाषांतर करून देतो, मग एवढे कष्ट कशाला, असेही मला विचारले जाते. ते भिजलेल्या पोत्यांचे पत्र आज यंत्राने एका क्षणात वाचून दाखवले असते, हे मी मान्य करतो. पण बिसाऊचे ते गोदामवाले आता पत्र लिहीत नाहीत. पाऊस आला की ते मला थेट फोन करतात, कारण मी त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करतो. आणि जिथे नोकरीसाठी परीक्षाच उत्तीर्ण व्हावी लागते तिथे फोन वर्गाबाहेर ठेवावा लागतो.

चवथीनंतर महिन्याभराने मी भाचीला फोन केला आणि तिथे राहून गेलेला प्रश्न विचारला. तिला परिचारिका व्हायचे आहे. हे तिने घरात कोणाला सांगितले नव्हते, कारण तिच्या वडिलांना ती अभियंता व्हावी असे वाटते. मी इतकी वर्षे पोर्तुगीजच्या बाजूने बोलत आलो आहे, तरी तिला मी जर्मन सांगितली. जर्मनीत परिचारिकेची पात्रता मान्य होण्यासाठी साधारणपणे बी-२ पातळी लागते. बारावीनंतर तिथेच जाऊन तीन वर्षांचे विद्यावेतनासह प्रशिक्षण घेण्याचा मार्ग आहे, आणि इथे बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून मग जाण्याचाही. दुसऱ्या मार्गात भाषेला पुरेसा वेळ मिळतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. रुग्णाला वेदना कुठे होतात हे विचारताना आणि त्याचे उत्तर समजून घेताना अर्धवट भाषा चालत नाही. तिच्या वडिलांशी मी स्वतः बोललो. ते अजून पूर्ण राजी नाहीत, पण शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गाचे शुल्क त्यांनी भरले आहे.

गेल्या आठवड्यात फोंड्याला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवलेली होती. चमच्यावर 'डेर', काट्यावर 'डी', सुरीवर 'दास'. बहिणीने भाजी चिरता चिरता सुरी वर धरून विचारले, "चमचा तो, हे पटले. पण ही सुरी 'ते' कशी?" भाचीने आईला सांगितले, की हे पटवून घ्यायचे नसते, पाठ करायचे असते, आणि चिठ्ठी पुन्हा नीट दाबून बसवली. महिनाअखेर तिची ए-१ ची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात आहे. मडगावहून पुण्याची आमची दोघांची तिकिटे मी काढली आहेत.